दोन गाण्यांमधली शांतता

१

रविवारी दुपारी जेवणं झाली की सुभाष हात पुसत पुसतच गाण्याच्या खोलीकडे जायचे. मी मागचं आवरायची, सासूबाई ओसरीवर अडकित्त्यानं सुपारी कातरत बसायच्या, आणि आतून पखवाजाची पहिली थाप आली की म्हणायच्या, "झाला सुरू ह्याचा कारखाना." आमची हर्षाली पुण्याला शिकायला गेल्यापासून घरात आम्ही तिघंच. त्या आवाजानं रविवार भरल्यासारखा वाटायचा.

निमगाव साव्यात, गावापासून थोडं बाजूला, मळ्यात आमचं घर आहे. सुभाषांचा पूर्वी लग्नाच्या मांडवांना लाउडस्पीकर पुरवायचा धंदा होता. भर वरातीत कुठल्या कर्ण्याचा पडदा फाटलाय हे ते रस्त्याच्या दुसऱ्या टोकावरून सांगायचे. पुढे डीजेच्या भिंती आल्या आणि त्यांना तो गोंगाट सोसेना. धंदा सोडून ते डाळिंबात रमले, पण कान तसेच राहिले. घराला लागून खताच्या गोण्या ठेवायची एक खोली होती. ती त्यांनी रिकामी केली, दोन उंच स्पीकर आणले, आणि आवाज घुमू नये म्हणून चारी भिंतींना सासूबाईंनी शिवलेल्या गोधड्या टांगल्या. मधोमध एकच खुर्ची. खुर्चीत बसलं की डाव्या हाताला माजघरात उघडणारं दार, उजव्या हाताला नुसती भिंत, आणि भिंतीपलीकडे डाळिंबाची बाग.

गाणी माजघरातल्या कॉम्प्युटरमध्ये साठवलेली असत. तिथून एक लॅन केबल भिंतीतल्या भोकातून आतल्या प्लेअरला जायची. साधी, पिवळी, घरोघरी इंटरनेटला असते तसली.

गणपती उठले आणि सुभाष बेल्ह्याच्या बाजारातून येताना कुरिअरनं आलेलं एक खोकं घेऊन आले. आत निळसर कापडी विणीची एक वायर होती. बैलाच्या कासऱ्याएवढी जाड आणि हातात घेतली तर चांगली जड.

"ही लॅन केबल?" मी विचारलं.

"खास आवाजासाठी बनवलेली. आतल्या तारांना चांदीचा मुलामा हाय."

मी पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. अशा वेळी माझ्यानं गप्प बसवत नाही. "अहो, हिच्यातून आवाज जात नाही. आकडे जातात. शून्य नाहीतर एक. वाटेत एखादा सांडला तर प्लेअर तो पुन्हा मागवून घेतो. पिवळ्या वायरीतून गेलेलं भजन आणि ह्या वायरीतून गेलेलं भजन यात तसूभर फरक नसतो."

"तू ऐकलं न्हाईस अजून."

"ऐकायची गरजच नाही."

त्यांना राग आला नाही. वायर दोन्ही हातांत तोलत ते म्हणाले, "पोरांची परीक्षा घेतीस ना तू? माझी घे मंग."

२

परीक्षा सोपी होती. सुभाष आत खुर्चीत, दार बंद. मी माजघरात. नाणं उडवायचं, छापा आला तर नवी वायर लावायची, काटा आला तर जुनी. मग दारातून विचारायचं, "आता?" त्यांनी आतून सांगायचं, नवी का जुनी. दोन्ही वायरींची आतली टोकं गोधडीमागे एका छोट्या नेटवर्क स्विचला कायमची जोडून ठेवली होती, बदल फक्त माजघरात व्हायचा, त्यामुळे त्यांना काही दिसायचा प्रश्नच नव्हता. नुसत्या अंदाजानं माणूस निम्म्या वेळा चुकणार. ते निम्म्या वेळा चुकतील आणि विषय संपेल, अशी माझी खात्री होती.

ते एकदाही चुकले नाहीत.

वायर काढून तीच परत लावली तेव्हाही आतून शांतपणे आलं, "बदलली न्हाईस."

मला वाटलं, लावताना पिनेचा जो टक् आवाज येतो त्यावरून ओळखत असतील. म्हणून मी मिक्सर चालू केला. मग वाटलं, माझ्याच आवाजावरून. परीक्षकाला उत्तर माहीत असलं की त्याच्या स्वरात ते उतरतं, हे मी स्वतःच मुलांना सांगते. म्हणून सासूबाईंना माजघरात बसवलं. त्यांची पाठ माझ्याकडे. मी खांद्याला हात लावला की त्यांनी ओरडायचं.

"आता?" सासूबाई ओरडायच्या, आणि मग माझ्याकडे वळून म्हणायच्या, "काय आता? काय चाललंय काय तुमचं दोघांचं?"

तरीही ते चुकले नाहीत.

जिंकलेला माणूस जसा बाहेर येतो तसे सुभाष बाहेर आले नाहीत. दाराशी उभे राहून ते कपाळ चोळत होते.

"कशावरून ओळखता?" मी विचारलं. "गाण्यात काय फरक पडतो?"

"गाण्यात कायच फरक न्हाई."

"मग?"

"दोन गाण्यांच्या मधी शांतता असती ना, तिच्यात हाय." ते शब्द शोधत होते. "जुन्या वायरीत ती शांतता रिकामी असती. नव्या वायरीत तसं वाटत न्हाई. नव्या वायरीत कुणीतरी गप बसलंय, असं वाटतं."

३

मला भीती वाटली नाही. उलट चेव आला. उत्तर असणारच, फक्त मी ते शोधलेलं नाही, असं मी स्वतःला बजावलं.

कॉलेजमधून मी एक फाइल तयार करून आणली. रेकॉर्ड केलेली शांतता नव्हे. रेकॉर्डिंग म्हटलं की त्यात पंख्याची घरघर, माइकची सळसळ असं काही ना काही येतंच. ही फाइल म्हणजे पहिल्यापासून शेवटपर्यंत निव्वळ शून्यं. तिच्यात कुणी गप्प बसायलासुद्धा जागा नव्हती.

पुन्हा परीक्षा घेतली. पुन्हा सगळी उत्तरं बरोबर.

मग मी खुर्चीच्या पाठीवर कान येतात तिथे कॉलेजचा चांगला माइक बांधला आणि सुभाषांना बाहेर बसवून दोन्ही वायरींवर ती फाइल वाजवली. दोन्ही आलेख एकावर एक ठेवले तर एकच रेघ दिसत होती. यंत्राला फरक कळत नव्हता. सुभाषांना कळत होता.

ते आलेख मी त्यांना दाखवले. त्यांनी चष्मा लावून नीट पाहिले आणि मान हलवली. "तुझं बरोबर हाय. आवाज कायच न्हाई. मी कुठं म्हणलं आवाज हाय?" आणि मग जरा थांबून, "ती फाइल ऱ्हाऊ दे मशिनीत. काढू नको."

फाइल मी काढली नाही. ती तेव्हाच काढायला हवी होती.

त्यानंतर गाणी बंद झाली. रविवारपुरतं राहिलं नाही, रोज दुपारी जेवण झालं की ते आत जायचे आणि दार लावून घ्यायचे. पखवाज नाही, टाळ नाही. मला सुट्टी असली की मी माजघरात पेपर तपासत बसायची आणि लक्ष सगळं त्या दाराकडे. बंद खोलीत माणूस गाणी ऐकतोय हे माहीत असलं की आपण आपल्या कामाला लागतो. बंद खोलीत माणूस शांतता ऐकतोय हे माहीत असलं की आपलंही काम थांबतं. हातातला पेन खाली ठेवतानासुद्धा मी तो हळू ठेवायला लागले.

"आज कारखाना बंद का गं?" एकदा सासूबाईंनी ओसरीवरून विचारलं.

"चालू आहे, आत्या. ते आतच आहेत."

त्यांनी अडकित्ता थांबवला आणि कान दिला. मग म्हणाल्या, "मंग बोलतोय कुणाशी?"

मला काहीच ऐकू आलं नव्हतं.

४

दादाभाऊ हे सुभाषांचे मांडवाच्या धंद्यातले जुने भागीदार. आता ते गावोगाव इंटरनेटची जोडणी देतात. बाजारच्या दिवशी बेल्ह्याला जाताना आमच्याकडे चहाला थांबायची त्यांची पद्धत. त्या दिवशी सुभाष बागेत फवारणी करत होते, ते हात धुऊन येईपर्यंत दादाभाऊंची नजर निळ्या वायरीवर गेली.

"वहिनी, ही काय भानगड?"

मी सगळं सांगितलं. ते मनसोक्त हसले. "आमचा सुभाष म्हंजे नादिष्टच. बघू तर, मला काय ऐकू येतंय." असं म्हणून ते आत जाऊन बसले. मी ती फाइल लावून दिली, दार ओढून घेतलं आणि चहा ठेवायला स्वयंपाकघरात गेले.

चहाला उकळी यायच्या आत ते बाहेर आले. चेहरा हसराच होता, पण तो तसा ठेवायला त्यांना कष्ट पडत होते.

"वहिनी, मधीच 'आता?' म्हणून कशाला विचारलंत? मी नीट बसलोबी नव्हतो."

"मी नाही विचारलं. मी इथेच आहे."

"बाईचा आवाज व्हता."

"आत्या असतील."

सासूबाई ओसरीवर उन्हात झोपल्या होत्या. आम्ही दोघांनी एकदमच तिकडे पाहिलं.

"आवाज कुठून आला?" मी विचारलं.

माजघर खोलीच्या डाव्या हाताला. दादाभाऊंनी उजवा हात उचलला आणि बागेच्या दिशेनं धरला. मग त्यांना स्वतःलाच ते चमत्कारिक वाटलं असावं, कारण हात खाली घेत ते म्हणाले, "बागेत बाया असतील कामाला."

"आज बाजार आहे. आज बाया येत नाहीत."

चहा त्यांनी उभ्यानंच घेतला. सुभाष आल्यावर दोघं कांद्याच्या रोपाबद्दल बोलले, टेम्पोबद्दल बोलले. निघताना गाडीला किक मारायच्या आधी दादाभाऊ मला हळूच म्हणाले, "ती वायर काढा. त्याला म्हणावं, गाणी ऐक."

"तुम्हाला आत आणखी काय वाटलं, दादाभाऊ?"

"मला काय वाटायचंय." ते हँडलकडे बघत राहिले. "विचारणारी माझ्याशी बोलत नव्हती, येवढंच. ती तिच्या माणसाला विचारत व्हती."

५

आता माझी पाळी होती. दुसऱ्यांच्या कानांवर किती दिवस विश्वास ठेवायचा? सुट्टी पाहून मी सुभाषांना माजघरात उभं केलं आणि स्वतः खुर्चीत बसले. दार त्यांनी बाहेरून लावलं.

आधी जुनी वायर होती. खोलीत जुन्या कापडाचा, थोडा खताचा वास. गोधड्यांमुळे स्वतःचा श्वासही जवळून ऐकू येत होता. शून्यं वाजत होती, म्हणजे काहीच वाजत नव्हतं. मी निवांत होते.

माजघरात पिनेचा टक् आवाज झाला.

काय बदललं हे मला अजूनही नीट सांगता येत नाही. आवाज आला नाही. पण डोळे मिटून आपण एखाद्या खोलीत उभे असलो आणि कुणी शेजारच्या खोलीचं दार उघडलं, तर कानाला ते कळतं. तसं झालं. उजव्या हाताची भिंत तिथे राहिली नाही. डोळे उघडले तर भिंत होती, तिच्यावर गोधडी होती, गोधडीवर सासूबाईंच्या जुन्या हिरव्या लुगड्याचा तुकडा होता. डोळे मिटले की ती जागा मोकळी व्हायची आणि तिकडे आणखी एक खोली लागायची, हिच्याएवढीच, हिच्यासारखीच कोंदट. तिथे कुणीतरी श्वास हळू सोडत होतं. ऐकू यावं म्हणून आपण सोडतो तसा.

माझी नाडी मी मोजली. कानात रक्ताचा आवाज येतो, बंद खोलीत तो मोठा वाटतो, असं स्वतःला समजावलं. समजावत असतानाच तिकडे, लांबवर, पिनेचा टक् आवाज झाला.

आणि एका बाईनं विचारलं, "आता?"

दादाभाऊंचं खरं होतं. ती मला विचारत नव्हती. तिनं ज्याला विचारलं तो माझ्या अगदी उजव्या खांद्याशी असावा, कारण उत्तर द्यायला त्यानं घेतलेला श्वास मला कळला.

"येतंय," तो म्हणाला. "आता तिकडचं लई स्पष्ट येतंय. एक बाई बसलीय."

आवाज सुभाषांचा होता.

मी उठले नाही. अर्धवट परीक्षा मला सोडायची नव्हती. सुभाष माजघरात आहेत, माझ्या डाव्या हाताला, हे मला पक्कं माहीत होतं. मी मोठ्यानं हाक मारली, "अहो!"

"हां," डावीकडून आलं.

पण त्याच्या आधी, अगदी थोडंसं आधी, ते उजवीकडून आलं होतं.

६

त्याच दुपारी मी पक्कड घेतली आणि ती निळी वायर माजघरातच तोडली. सुभाष बाजूला उभे होते. त्यांनी हात धरला नाही, नुसते बघत राहिले.

"कोण आहे तिकडे?" मी विचारलं.

"मला काय ठावं? आपल्यासारखीच हायेत. तीबी बिचारी ऐकायलाच बसल्यात."

"काय ऐकायला?"

"आपल्याला." ते हे इतक्या साधेपणानं म्हणाले की मला त्यांच्या तोंडाकडे बघवेना. "आधी त्यांना आपलं कायच ऐकू येत नव्हतं. मला दिसायचं ते. म्हंजे, दिसायचं न्हाई, कळायचं. आता येतंय. वैजू, तो माझ्यापेक्षाबी नीट ऐकतो."

"तुम्ही त्याच्याशी बोलता?"

"त्यानं विचारलं तर सांगतो."

"काय विचारतो?"

त्यांनी वायरीचं तुटलेलं टोक बोटांनी चाचपलं. मग म्हणाले, "हितं कसं वाटतं, असं विचारतो."

वायरीचे तुकडे मी गोणीत भरून कॉलेजच्या भंगारात टाकले. ती शून्यांची फाइल पुसली. सुभाषांना समोर बसवून सांगितलं की खोलीत जायचं तर गाणी ऐकायला, नाहीतर जायचं नाही. त्यांनी मान्य केलं. वाद घातला नाही. माझ्याशी ते कधी खोटंही बोललेले नाहीत, त्यामुळे मी थोडी सैल झाले. पिवळी वायर परत जागेवर आली. रविवारी पुन्हा पखवाज वाजला, सासूबाईंनी पुन्हा कारखान्याला नावं ठेवली. मी भांडी घासताना गुणगुणलेसुद्धा.

पुढच्या रविवारी एक भजन संपलं आणि दुसरं सुरू झालं नाही. मी नळ बंद केला. दार उघडून सुभाष बाहेर आले होते.

"जुन्या वायरीतबी यायला लागलंय," ते म्हणाले.

"शक्य नाही. आपण काहीच बदललेलं नाही."

"आपण न्हाई बदललं," ते म्हणाले. "त्यांनी बदललं."

७

त्याच संध्याकाळी मी प्लेअर काढून कपाटात कुलूपबंद केला. पिवळी वायरही गुंडाळून ठेवली. खोलीत स्पीकर, खुर्ची आणि गोधड्या तेवढ्या उरल्या. सोमवारी कॉलेजला जाताना मी सासूबाईंना म्हटलं, "आत्या, ह्यांना आत जाऊ देऊ नका."

"जाऊन करंल काय तिथं? डबडं तर काढलंस तू."

मलाही तसंच वाटत होतं.

दुपारी लवकर परत आले. ऊन रणरणत होतं. वीज गेलेली होती, हे मला फाटकातच कळलं, कारण शेजारची मोटार बंद होती आणि सगळ्या मळ्यात चिडीचूप होतं. सासूबाईंचा ओसरीवर डोळा लागला होता. मी चप्पल काढत होते आणि आतून सुभाषांचा आवाज आला.

"ही वायर बरी हाय," ते म्हणत होते. मग थोडं थांबून, "न्हाई, हिच्यापेक्षा मघाची. मघाच्या वायरीत तू जवळ वाटत व्हतीस."

मी दार ढकललं.

माजघरातला उजेड लांबट होऊन आत पडला. सुभाष खुर्चीत होते. अंग सगळं उजवीकडे झुकलेलं, मान तिरकी, चेहऱ्यावर मन लावून ऐकणाऱ्याचं समाधान. उजव्या भिंतीवरची गोधडी भिंतीला टेकलेली नव्हती. वारा नसताना ती पुढे आलेली होती, आणि खाली जमिनीपासून वितीभर उंच होती. तिच्याखाली भिंत दिसायला हवी होती.

तिथे फरशी होती. फरशी पुढे तशीच गेली होती. तिच्यावर खुर्चीचा एक पाय होता, आणि त्या खुर्चीजवळ बाईचं एक पाऊल. जोडवी घातलेलं, झाडलोट केल्यावर असतं तसं धुळीनं माखलेलं. अंगठा शेजारच्या बोटावर चढवलेला. काही अवघड ऐकत असले की मी तसा चढवते. मला कधी कुणी ते सांगितलेलं नाही, कारण ते कुणाला दिसत नाही.

गोधडी उचलायला दोन पावलं पुरली असती. उचलून पाहावं असं मला वाटलं नाही, असं नाही. आयुष्यभर मी मुलांना तेच शिकवलंय, की झाकण उघडा आणि आत बघा. पण तिकडची बाईही आता हाच विचार करत असणार, हे मला त्या अंगठ्यावरून कळलं. तो बोटावरून हळूच खाली उतरला. ती उठणार होती.

मी सुभाषांचं मनगट धरलं.

"थांब," ते न वळता म्हणाले. "तिचं होऊ दे."

"नाही."

"वैजू, जरा गप बस."

गप्प बसायचं नाही, एवढंच मला सुचलं. मी मोठ्यानं बोलायला लागले. तोंडात काय आलं, तर वर्गात पहिल्या आठवड्यात घोकून घेते ते रेझिस्टरचे रंग. काळा, तपकिरी, लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा. संपले की पुन्हा काळा. वर्गात ओरडते तसं ओरडत मी त्यांना ओढलं. ते जड लागत होते. त्यांचा दुसरा हात उजवीकडे ताणलेला होता, आणि जिवंत माणसानं तो धरला असता तर जसा ताणला गेला असता, तसाच तो ताणला गेला होता. मी दाराच्या चौकटीला पाय लावला आणि ओढत राहिले. निळा, जांभळा, करडा, पांढरा. काळा. तपकिरी.

एकदम ते सुटले. आम्ही दोघं माजघरात पडलो. पडल्या पडल्या मी लाथेनं दार लोटलं, उठून कडी घातली. सासूबाई दारात येऊन उभ्या होत्या.

"काय झालं गं?"

"काही नाही, आत्या. तुम्ही बोला. ह्यांच्याशी बोलत राहा. काहीही बोला."

त्यांनी मला पुढे काही विचारलं नाही. मुलाच्या शेजारी फतकल मारून बसल्या आणि बोलायला लागल्या, डाळिंबावरच्या तेल्या रोगाबद्दल, मेलेल्या म्हशीबद्दल, त्याच्या लहानपणच्या गोवराबद्दल. सुभाष त्यांच्याकडे बघत होते. खूप वेळानं ते म्हणाले, "आई, ती म्हैस न्हाई मेली. इकली आपण." तेव्हा मला रडू आलं.

८

दादाभाऊंना फोन केला तर त्यांनी कारण विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते जेसीबी घेऊनच आले. पाडायच्या आधी मी सुभाषांना विचारलं. खोली त्यांची होती.

"पाड," ते म्हणाले.

उजवी भिंत आधी पडली. विटांची, मातीत बांधलेली, वर सिमेंटचा गिलावा. पलीकडे डाळिंबाची झाडं आणि ठिबकच्या नळ्या. दुसरं काही नव्हतं. मी विटांत पाय घालून सगळीकडे फिरले.

गोधड्या आधीच काढून अंगणात टाकल्या होत्या. सासूबाई त्या धुवायला घेण्याआधी एकेक पसरून बघत होत्या, आणि एका गोधडीपाशी थांबल्या. हिरव्या लुगड्याचा तुकडा असलेलीच होती ती.

"ही माझी न्हाई," त्या म्हणाल्या.

"तुमचंच लुगडं आहे ना हे?"

"लुगडं माझंय. टाकंबी माझंच." त्यांनी बोट फिरवलं. "पण हे डाव्या हातानं घातल्यात, पोरी. मी कधी डाव्या हातानं सुई धरली न्हाई."

ती गोधडी मी आंघोळीच्या बंबात घातली, तुकडे करून. शेवटचा धागा जळेपर्यंत तिथून हलले नाही. त्या पाण्यानं त्या दिवशी आमच्याकडे कुणी आंघोळ केली नाही.

खोलीच्या जागेवर आता मेथी लावलीय. सुभाष बागेत जातात, बेल्ह्याला बाजार करतात, जेवतात, झोपतात. गाण्याचं नाव काढत नाहीत. डॉक्टरांनी कान तपासले, चांगले आहेत म्हणाले. मी घरात कधी शांतता होऊ देत नाही. रेडिओ चालू, नाहीतर टीव्ही, नाहीतर मी स्वतः. कॉलेजमधल्या बायका म्हणतात, वैजयंती मॅडम, तुम्ही हल्ली फार बोलता. बोलते. जेवताना बोलते, भाजी निवडताना बोलते, त्यांच्या मागे बागेत जाऊन बोलते. घसा बसला तर सासूबाई माझ्या जागी बसतात. त्यांना मी सगळं सांगितलेलं नाही, त्यांनी विचारलेलंही नाही.

काल हर्षालीचा फोन आला होता. आधी बाबांशी बोलली, मग माझ्याशी.

"आई, तुमच्याकडे नेटवर्क खराब झालंय का गं?"

"का?"

"बाबांना काही विचारलं की ते लगेच बोलत नाहीत. मध्ये थांबतात. समोरच्याचं बोलणं पोचायला वेळ लागतो ना, तसं."

मी पाहिलं. सुभाष ओसरीच्या पायरीवर बसले होते. सासूबाईंनी त्यांना बाजारातून भाजी काय आणणार ते विचारलं होतं आणि ते उत्तर द्यायचे थांबले होते. मान किंचित उजवीकडे. तिकडे अंगण होतं, उन्हात वाळत घातलेले कपडे होते. आधी दुसऱ्या कुणाचं तरी बोलून होऊ द्यावं, तसे ते थांबले होते.

"हो," मी हर्षालीला म्हटलं. "नेटवर्कच खराब आहे. मी तुला नंतर करते."

फोन ठेवला, त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन बसले, अगदी खेटून, आणि सासूबाईंचा प्रश्न मी त्यांना मोठ्यानं पुन्हा विचारला.